पुढून आवाज येतोय

मोटारदुरुस्तीचं पुस्तक म्हटलं की सुरुवात इंजिनापासून होते. पिस्टन, व्हॉल्व्ह, इंजेक्टर, मग क्लच, मग गिअरबॉक्स. पुढची चाकं ज्यावर उभी असतात तो सगळा भाग शेवटच्या काही पानांत उरकलेला असतो. या पुस्तिकेत इंजिन नाहीच. स्टेअरिंगच्या चाकापासून पुढच्या टायरपर्यंत जे काही आहे ते ढिलं कशानं होतं, वाजतं कशानं आणि नेमका कुठला भाग गेला हे पाना लावायच्या आधी कसं ओळखायचं, एवढाच हिचा विषय.

एवढ्याशा विषयाला आख्खी पुस्तिका का, असं कुणी विचारलं तर नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यात कुठल्याही गॅरेजवर एक दिवस बसून यावं. इंजिनाचं काम गाडीच्या आयुष्यात एकदा-दोनदा निघतं. पुढच्या बाजूचं काम दर पावसाळ्यानंतर निघतं.

तिथं काय चालतं तेही ठरलेलं आहे. गाडी लागते, मालक उतरतो आणि म्हणतो, ‘मिस्त्री, पुढून आवाज येतोय बघा.’ मिस्त्री बोनेटवर हात टेकवून गाडी दोनदा दाबतो. ‘शॉकअप गेलेत मालक, दोन्ही टाकावे लागतील.’ नांदेडहून शॉकअप येतात, बसतात, गाडी दोन दिवस बरी वाटते. तिसऱ्या दिवशी आवाज आहे तिथंच. मग लोअर आर्म बदलतात, मग माउंटिंग, मग ‘रॅकच खराब दिसतोय’ इथवर गोष्ट जाते. शेवटी कुणीतरी जंपिंग रॉडची लिंक हाताने हलवून बघतो आणि आवाज तिथं सापडतो. सगळ्यात स्वस्तातला पार्ट, दोन नटांचं काम. यात लबाडी असतेच असं नाही. बहुतेक वेळा नसतेच. मिस्त्रीला तपासायला वेळ नसतो आणि मालकाला तपासणीचे पैसे द्यायचे नसतात. पैसे द्यायचे ते पार्ट बदलल्याचे, नुसतं बघितल्याचे कसले पैसे, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. तपासणीला मोल नाही म्हटल्यावर ती करणार कोण? मग ‘बदलून बघू’ हेच निदान होऊन बसतं, आणि त्याच्याइतकं महाग निदान दुसरं नाही.

पैशापेक्षाही मोठी गोष्ट वेगळी आहे आणि पुस्तिकेचा सगळा भर तिच्यावर आहे. पुढच्या बाजूत जो भाग सगळ्यात जास्त वाजतो तो बहुधा सगळ्यात कमी धोक्याचा असतो. आणि जो जिवावर उठू शकतो तो कित्येकदा गप्प असतो. जंपिंग रॉडची लिंक झिजली की गाडी खडबडीत रस्त्यावर अशी टकटकते की बाजूला बसलेला पाहुणाही विचारतो. पण ती लिंक उद्या तुटून पडली तरी गाडी वळणावर थोडी जास्त झुकेल, इतकंच. टाय रॉड एंडचं तसं नाही. तो झिजत जातो तेव्हा स्टेअरिंग जरासं सैल लागतं, टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेला खातो, आणि ड्रायव्हरचा हात त्या सैलपणाला सरावत जातो. तो निखळला की दोन चाकांपैकी एक स्टेअरिंगचं ऐकायचं बंद करतं. बॉल जॉइंट सुटला तर चाक मडगार्डखाली आडवं होतं आणि गाडी तिथंच बसते. ती चाळीसच्या वेगात बसली की नव्वदच्या, यावर पुढचं सगळं अवलंबून. म्हणून आवाज मोठा आहे म्हणून घाबरायचं नाही, आवाज नाही म्हणून निर्धास्तही राहायचं नाही. प्ले, म्हणजे जोडातला सैलपणा, कुठे आहे आणि किती आहे, ते बघायचं.

आता थोडं आपल्या भागाबद्दल. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत यवतमाळ-वर्ध्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ लोह्यातूनच जातो. महामार्गावर गाडीला फारसं काही होत नाही. तिची परीक्षा सुरू होते महामार्ग सोडून गावाकडे वळल्यावर. आपल्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचा तो गुण. तिच्यावर पुरेसा भराव न घालता रस्ता केला की डांबर वरून शाबूत दिसतं, खाली मात्र लाटा पडलेल्या असतात, आणि गाडी त्यावरून वर-खाली झुलत जाते. या झुलण्यानं शॉकअप मरतात. टाय रॉड आणि बुश यांचा काळ वेगळा आहे: खचलेली साइडपट्टी. अरुंद रस्त्यावर समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आला की आपण डावीकडची चाकं डांबराखाली उतरवतो, आणि तो गेला की वेग न घटवता परत वर घेतो. डांबराची तुटकी कड टायरला बाजूनं मार देते. तो मार स्प्रिंग झेलत नाही, कारण स्प्रिंग वर-खालीच चालते. तो थेट लोअर आर्मच्या बुशला आणि टाय रॉडला बसतो. डाव्या चाकाच्या वाट्याला हा मार जास्त येतो, म्हणून तपासणी डावीकडून सुरू करा, असं पुढे एका प्रकरणात सांगितलं आहे ते यासाठी.

गतिरोधकांचं काय सांगावं! इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे गाडी ताशी २५ किलोमीटरनं सहज पार व्हावी. आपल्या गावोगावचे गतिरोधक गावकऱ्यांनी रागाच्या भरात घातलेले असतात आणि तो राग त्यांच्या उंचीत दिसतो. त्यामागची कारणं खरी असतात, शाळेची पोरं रस्त्यावर असतात, त्याबद्दल वाद नाही. पण शॉकअपच्या माउंटिंगला कारण कळत नाही.

रस्ते असे पूर्वीही होते, मग पूर्वीच्या गाड्या कशा टिकायच्या, हा प्रश्न जुने ड्रायव्हर हमखास विचारतात. उत्तर त्या गाड्यांच्या घडणीत आहे. जुन्या जीपला पुढेही अख्खा एक्सल आणि कमान पाटे असत. पाटा बसला तर नजरेला दिसायचा, किंग पिनला ग्रीस भरला की काम भागायचं, आणि स्टेअरिंगला चार बोटं प्ले असणं हा गाडीचा स्वभाव समजला जायचा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि घरच्या गाडीचा पुढचा भाग बदलला. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरनं १९४० च्या दशकात आखलेली रचना त्या गाडीत होती: स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात, म्हणजे स्ट्रटमध्ये, खाली एकच आर्म, आणि वळवायला रॅक-पिनियन. हलकी, स्वस्त, कमी जागेत मावणारी. आज लोह्यातल्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या बोनेटखाली हीच रचना आहे. तिची ताकद रबरात आणि बॉल जॉइंटच्या डबीतल्या ग्रीसमध्ये आहे. बॉल जॉइंट सील केलेला येतो, त्याला ग्रीसचं निप्पल बहुधा नसतंच. वरचं रबरी बूट फाटलं की धूळ आत, पाणी आत, ग्रीस बाहेर. त्यानंतर तो जॉइंट किती दिवस जाईल हे फक्त रस्ता ठरवतो. म्हणून जॉइंटआधी बूट बघायचं.

ही गोष्ट कायद्यानंही सांगितली आहे, फारसं कुणाला माहीत नसलं तरी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम म्हणतो की स्टेअरिंगचा प्ले चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त नको, स्टेअरिंगच्या जोडणीतल्या सगळ्या बॉल जॉइंटना रबरी टोपण हवं, आणि तिथले बोल्ट-पिना सुटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या हव्यात. शेवटचं कलम नीट वाचा. टाय रॉडच्या खाचेदार नटातून स्प्लिट पिन जाते ती यासाठी. कित्येक गाड्यांत तिथं पिनेऐवजी बांधकामाची तार पिळलेली आढळते. काहींत तीही नसते. नट नुसता आवळलेला.

मात्र ३० अंश ही मर्यादा फार ढिली आहे. साधारण ३७ सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर ते अंतर कडेला जवळजवळ १० सेंटिमीटर भरतं. रॅक-पिनियनच्या छोट्या गाडीत ३० मिलिमीटरच्या पुढे प्ले गेला की शोधाला लागावं. कायद्यात पास झालेली गाडी तब्येतीनं ठीक आहे असं धरून चालू नये. शिवाय पास-नापास होतं कुणाचं? प्रवासी वाहतुकीच्या काळी-पिवळीला फिटनेस तपासणीला जावं लागतं, पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी एकदा आणि नंतर दरवर्षी. घरच्या गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तेवढ्या काळात तिच्या टाय रॉडला कुणी हात लावून बघायचा असा नियमच नाही. काळी-पिवळीला नावं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

तपासायचं कसं, हा या पुस्तिकेचा गाभा. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घेणारा जाणता माणूस आधी घोडा चालवून बघतो, मग दुडक्या चालीनं पळवतो, आणि त्यानंतर खुराला हात घालतो. गाडीचंही तसंच करायचं. आधी मालकाला बाजूला बसवून त्याच्याच रस्त्यावर चक्कर मारायची, कारण आवाज कुठल्या वेळी येतो हे कळलं की अर्धा शोध संपतो. छोट्या खडबडीवर भराभर टकटक येत असेल तर आधी जंपिंग रॉडच्या लिंक आणि बुश. मोठ्या खड्ड्यात एकदाच धप्प होत असेल तर शॉकअप किंवा त्याचं वरचं माउंटिंग. ब्रेक दाबताना एक टक आणि सोडताना एक टक, तर लोअर आर्मचा मागचा बुश; पण खडखड चालू असताना ब्रेकवर पाय नुसता टेकवला आणि आवाज थांबला, तर सस्पेन्शनला दोष देऊ नका, ब्रेकचे पॅड किंवा कॅलिपरच्या पिना सैल आहेत. उभ्या गाडीत स्टेअरिंग वळवताना स्प्रिंग टुणकन उडाल्यासारखी झाली तर माउंटिंगचं बेअरिंग. पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट, तर एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट. वेगाबरोबर वाढत जाणारा घुंऽऽ आवाज चाकाच्या बेअरिंगचा. उजवीकडे वळताना तो वाढला तर संशय डाव्या चाकावर, कारण वळताना वजन तिकडे जातं. आणि जो आवाज कानापेक्षा हाताला जास्त कळतो, स्टेअरिंगमधून बारीक खडखड येते, तो रॅकचा किंवा कॉलमच्या क्रॉसचा.

या यादीवर डोळे झाकून विसंबू नका. गाडीची पत्रा-चौकट आवाज कुठून कुठे नेईल याचा नेम नाही. डावीकडचा आवाज उजवीकडे ऐकू येतो, इंजिनाचं माउंटिंग गेलेलं असतं आणि लोक शॉकअप बदलतात. डिकीत मोकळा पडलेला जॅक, नंबरप्लेट, इंजिनाखालचं प्लास्टिक, बोनेटचा टेकू: आधी हे सगळं घट्ट करून मग पुढे जावं. हसण्यावारी नेऊ नका.

चक्कर झाली की हात घालायचा. सगळ्यात उपयोगाची तपासणी गाडी न उचलता होते आणि तीच सगळ्यात कमी केली जाते. चाकं जमिनीवर, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. एकानं स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं झटक्यानं हलवायचं, दुसऱ्यानं खाली वाकून प्रत्येक टाय रॉड एंडवर बोटं ठेवायची. जॉइंटच्या खिळ्याचं डोकं आणि त्याची डबी एकदमच हलली तर जॉइंट बरा आहे. एक आधी आणि दुसरं मागून आलं तर तो गेला. बोटाला जे कळतं ते डोळ्याला दिसत नाही. जोडीला दुसरा माणूस लागतो ही एकच अडचण, आणि गॅरेजवर ती अडचण कधीच नसते.

नंतर जॅक. चाक वर-खाली धरून हलवलं आणि सैल लागलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा, हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही हललं तर जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉड एंड, किंवा आतला रॅक एंड. पण जॅक कुठं लावायचा यात लोक चुकतात. छोट्या गाडीत तो बॉडीखाली लावून चाक लोंबतं ठेवायचं. वर-खाली दोन आर्म असलेल्या आणि स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर घेणाऱ्या जीपच्या घाटाच्या गाडीत तो त्या आर्मखालीच लावायचा. नाहीतर स्प्रिंग जॉइंटला दाबून धरते आणि खिळखिळा जॉइंटही पक्का असल्याचा भास होतो. आणि कुठेही असो, जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. घोडी लावायची.

बसवण्याविषयी एकच गोष्ट इथे सांगतो, कारण नवे पार्ट चार महिन्यांत जातात या तक्रारीमागे बहुधा तीच असते. लोअर आर्मचा बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांच्या मध्ये चिकटवलेलं रबर. आर्म वर-खाली होतो तेव्हा ते रबर पिळतं आणि परत सुटतं. गाडी जॅकवर असताना, चाक लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर रबर त्या लोंबत्या अवस्थेत बांधलं जातं. मग गाडी खाली उतरली की ते कायमचं पिळलेलं राहतं, उभ्या गाडीतसुद्धा, आणि लवकरच फाटतं. बोल्ट हातानं बसवायचा, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोनदा दाबायची आणि मग आवळायचा. पार्ट डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी तो कसा आवळला होता हे विचारावं.

अलाइनमेंटबद्दल पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे, पण दोन शब्द इथेच. झिजलेल्या जॉइंटवर अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी प्ले काढायचा, मग मशीनवर जायचं. आणि जून-जुलैत, शेतातून किंवा पाणंदीतून आलेल्या गाडीचं स्टेअरिंग महामार्गावर थरथरायला लागलं तर मशीनवरही जाऊ नका. चाकाच्या रिंगच्या आतल्या बाजूला काळा चिखल थापून वाळलेला असतो. एका बाजूला पाव किलो माती घेऊन फिरणारं चाक थरथरणारच. पाण्याचा पाइप घेऊन रिंगच्या आतून धुवा आणि परत चालवून बघा.

ही पुस्तिका दोघांसाठी आहे. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड पास होऊन नुकताच गॅरेजला लागलेला पोरगा हा पहिला. त्याला नावं आणि आकृत्या येतात. गंजलेला टाय रॉड एंड सोडवताना रबरावर नव्हे तर तो ज्या आर्ममध्ये बसतो त्याच्या डोळ्याच्या कडेवर घाव घालायचा असतो हे त्याला अजून हातात आलेलं नसतं. दुसरा गाडीमालक. त्यानं स्वतः पाना धरावा अशी अपेक्षा नाही, आणि काही कामांत तर धरूच नये. स्ट्रटची स्प्रिंग दाबण्याचं साधन नसताना वरचा मधला नट कधीही खोलू नये. दबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा फुटतो. पण त्यानं नीट बघावं, नीट ऐकावं आणि मिस्त्रीला तपासणीचे वेगळे पैसे विचारून द्यावेत. काढलेला जुना पार्ट मागून घ्यावा, हातानं हलवून बघावा. तो घट्ट असेल तर तुमचा आवाज अजून गाडीतच आहे.

मिस्त्रींनाही एक विनंती आहे. आवाजाच्या कामात घाई होते आणि आवाज गेला की गाडी सोडून दिली जाते. लिंक बदलून आवाज थांबला तरी चारही टाय रॉडच्या टोकांवर आणि दोन्ही बॉल जॉइंटवर एकदा हात फिरवल्याशिवाय गाडी सोडू नका. पाच मिनिटांचं काम आहे. आणि मालकहो, बॉल जॉइंटला प्ले निघाला तर ‘नांदेडला जातोच आहे, तिथं टाकून घेईन’ असं म्हणून गाडी काढू नका. गाडी लोह्यात ठेवा, पार्ट मागवून घ्या आणि नांदेडला बसनं जा.